बेलोग्राडचिक: लाल कातळ, रिकामी गावं आणि भाजलेल्या मिरच्या

शुक्रवार

बेलोग्राडचिक या बल्गेरियातल्या किल्ल्याच्या गावाला जायला सोफियाहून विदिनकडे जाणारी रेल्वे पकडलीत तर पहिले दीड-दोन तास मोबाईल बॅगेत टाका. शहर संपल्या संपल्या इस्कर नदीची घळ सुरू होते आणि गाडी नदीच्या कडेकडेने, बोगद्यांतून आत-बाहेर करत मेझद्रापर्यंत जाते, लाकात्निक स्टेशनच्या वर तर कडे इतके सरळसोट उभे आहेत की मान वाकडी केल्याशिवाय माथा दिसत नाही. स्तारा प्लानिना, म्हणजे ज्या बाल्कन पर्वतावरून अख्ख्या प्रदेशाला नाव पडलं तो, आडवा कापून पलीकडे जाणारी ही एकच नदी. रेल्वे बांधणाऱ्यांनी मुकाट तिचाच रस्ता धरलाय.

बरोबर मामेभाऊ. तो नोकरीसाठी सोफियात राहतो, बल्गेरियन बऱ्यापैकी बोलतो आणि त्याचं ठाम म्हणणं होतं की "ताई, बेलोग्राडचिकला कोणी राहत नाही गं, सकाळी जायचं, किल्ला बघायचा, फोटो काढायचे, रात्री परत." मी जर्मनीहून खास येणार, ते चार फोटोंसाठी? शिवाय 2025च्या सप्टेंबरात 22 तारीख सोमवारी आली होती, 22 सप्टेंबर हा बल्गेरियाचा स्वातंत्र्य दिन (1908 साली ऑटोमन साम्राज्याशी उरलासुरला नावापुरता संबंधही तोडला, त्याचा), म्हणजे लाँग वीकेंड, मग काय, राहायचंच ठरलं.

व्रात्सा गेलं की डोंगर मागे पडतात आणि सूर्यफुलाची कापणी झालेली शेतं, बंद पडलेले कारखाने, छपरं खचलेली स्टेशनं असं सुरू होतं. हा बल्गेरियाचा वायव्य कोपरा. युरोपियन युनियनमधल्या सगळ्यात गरीब विभागांत आकडेवारीत कायम याचं नाव येतं. डबा मेझद्राला निम्मा रिकामा झाला, पुढे ब्रुसार्त्सीपर्यंत आम्ही धरून सहा-सात डोकी उरली.

आपण उतरायचं ओरेशेत्सला, बेलोग्राडचिकला स्वतःचं स्टेशन नाही, ते डोंगरात वर आहे, दहा-बारा किलोमीटर. स्टेशनाबाहेर एक टॅक्सी उभी होती. एकच. काका गाडीला टेकून बिया खात उभे, आम्हाला बघून बियांची पुडी खिशात घातली आणि काही न विचारता डिकी उघडली, इथे उतरलेला परदेशी दुसरीकडे जाणार कुठे! रस्ता चढायला लागला की एका वळणावर झाडांच्या वर लाल काहीतरी दिसतं, मग पुढच्या वळणावर अजून, आणि मग एकदम सगळंच. मी आ वासला तो खोलीवर पोचेपर्यंत मिटला नाही.

गेस्टहाऊस म्हणजे एका आजीबाईंचं दोन मजली घर, वरच्या दोन खोल्या भाड्याने. रात्री गावात जेवलो, शोप्स्का सॅलड (टोमॅटो, काकडी, मिरची, वर किसलेल्या पांढऱ्या चीजचा डोंगर) आणि बॉब चोर्बा, म्हणजे राजम्यासारख्या शेंगदाण्यांचं, चुकले, घेवड्याच्या दाण्यांचं पुदिना घातलेलं सूप. शाकाहारी माणसाचं बल्गेरियात छान चालतं, फक्त चीज आवडायला हवं. मेनूवर दोन-दोन किमती, लेव्ह (त्यांचं तेव्हाचं चलन) आणि युरो, कारण 1 जानेवारी 2026पासून युरो येणार होता आणि लोकांना आधीपासून सवय लावायचं चाललेलं. आजींना विचारलं तर त्यांनी हाताने सगळं महाग होणार अशी खूण केली, जगातल्या सगळ्या आज्या इथे एकमत आहेत.

शनिवार

उठले ते वासाने. मिरच्या भाजल्याचा वास, खमंग, किंचित जळका, किंचित गोड. खाली अंगणात आजी आणि त्यांची शेजारीण बसल्या होत्या, बाजूला लाल लांबट मिरच्यांची दोन पोती (आपल्या तिखट नव्हेत, जाड गराच्या, गोड) आणि मध्ये एक विजेचं यंत्र, उभ्या नळकांड्यासारखं, वर झाकण. त्याला चुश्कोपेक म्हणतात. मिरची देठाला धरून आत सोडायची, झाकण लावायचं, साल काळी पडून फुगली की काढायची आणि झाकणाच्या पातेल्यात टाकायची, म्हणजे वाफेने साल सुटते, मग बसून एकेक सोलायची. सोललेल्या बरण्यांत जातात, नाहीतर टोमॅटो घालून घोटून ल्युतेनित्सा करतात. सप्टेंबरात अख्खा बल्गेरिया हेच करत असतो. मीही बसले सोलायला, बोटं काळी झाली, आजींनी माझ्या सोललेल्या मिरच्या एकदा उलटसुलट बघितल्या आणि त्यातल्या दोन पुन्हा सोलल्या.

मग त्यांनी मामेभावाला विचारलं, ही इंडियातून का, आणि त्या लहानपणी लग्न लावलेल्या मुलीचं पुढे काय झालं? दहा-बारा वर्षांपूर्वी बालविवाहावरची एक हिंदी मालिका इकडे डब होऊन तुफान चालली होती. मी ती बघितलेली नाही, पण इतक्या आशेने विचारत होत्या की मी म्हटलं, सगळं चांगलं झालं.

किल्ला गावाच्या वरच्या टोकाला, चालत पंधरा-वीस मिनिटं. स्थानिक लोक नुसतं कालेतो म्हणतात. आता हा किल्ला नेमका काय प्रकार आहे ते नीट सांगते, कारण फोटोंवरून कळत नाही. रोमन लोकांनी या खडकांत पहिली चौकी बसवली, डॅन्यूबकडून येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला. त्यानंतर चौदाव्या शतकात विदिनचा राजा इव्हान स्रात्सिमिर याने तो वाढवला, 1396 साली तुर्कांनी घेतला. आज जी तटबंदी दिसते ती मात्र बरीचशी 1805 ते 1837 या काळातली, ऑटोमनांनी फ्रेंच आणि इटालियन इंजिनियर लावून बांधलेली. भिंती दोन मीटरहून जास्त जाड, बारा मीटरपर्यंत उंच, बंदुकांसाठी जंग्या, एकामागे एक तीन आवारं आणि प्रत्येक आवार स्वतंत्रपणे लढवता येईल असं. आणि बाकीच्या बाजू? त्या बांधलेल्याच नाहीत, तिथे कातळ आहे, सत्तर मीटरपर्यंतचे सुळके, तीच तटबंदी. सह्याद्रीत ज्यांनी किल्ले पालथे घातलेत त्यांना हे हिशेब चटकन कळेल, जिथे कडा आहे तिथे दगड वाया घालवायचा नाही. फक्त आपल्याकडे काळा बेसॉल्ट, इथे लाल वालुकाश्म.

पहिल्या दारातून आत गेल्यावर आवार मोठं आणि मोकळं, उन्हाळ्यात सोफियाचा ऑपेरा इथे येऊन उघड्यावर प्रयोग करतो, मागे हे सुळके आणि पुढे गायक, कसं दिसत असेल! लाँग वीकेंडची गर्दी होती पण ती सगळी खालीच. वरच्या बालेकिल्ल्यात जायला दोन प्रचंड खडकांच्या फटीतून उभ्या पायऱ्या आणि लोखंडी जिने आहेत, ते बघून निम्मे लोक "नको बाबा" म्हणून खालच्या बाकांवर. आम्ही गेलो. कठडा आहे, भीतीचं काही नाही, पण वारा असा की टोपी हातात धरावी लागते.

वर पोचल्यावर मी दहा मिनिटं काही बोललेच नाही, हे माझ्या बाबतीत नोंद करण्यासारखं. सगळीकडे लाल, गुलाबी, मध्येच पिवळट खांब, सुळके, गोळे, हिरव्या जंगलातून वर आलेले. ही रांग साधारण तीस किलोमीटर लांब आणि तीनेक किलोमीटर रुंद. ट्रायासिक काळात, वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, नद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे दाबले जाऊन हा दगड झाला, लोहाच्या ऑक्साईडने लाल झाला, पुढे डोंगर उचलला गेला तेव्हा भेगा पडल्या आणि पाऊस-वारा-बर्फाने भेगाभेगांतून कोरत आणला. हे वाचून माहीत होतं, पण कातळाला हात लावला तेव्हा खरं कळलं. लांबून गुळगुळीत दिसतो, जवळून बघा तर आत गुळगुळीत पांढरे गारगोटे रुतलेले, काही सुपारीएवढे, काही मुठीएवढे. काही ठिकाणी गोटा निसटून गेलाय आणि त्याची खळी तेवढी राहिलीय, आणि त्या खळीत मुंग्या.

1841 साली झेरोम-आदोल्फ ब्लांकी नावाचा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ इकडून गेला होता, त्याने लिहून ठेवलंय की आल्प्स आणि पिरेनीजमध्येही याच्या तोडीचं काही नाही. फ्रेंच माणसाने स्वतःचे डोंगर खाली ठेवून हे म्हणायचं म्हणजे बघा. मला आल्प्सशी तुलनाच पटली नाही खरं तर, आल्प्स बघून आपण लहान वाटतो, इथे खडक आपल्याशी गप्पा मारायला बसल्यासारखे.

ब्लांकी आला त्याच वर्षी निश भागात (आता सर्बियात) आणि पुढे 1850 साली इकडेच शेतकऱ्यांचे मोठे उठाव झाले, जमीन आणि कर यांवरून. पन्नासच्या उठावात लोकांनी या किल्ल्याला वेढा घातला, पण हातात धड बंदुका नाहीत, कसं टिकणार. नंतर पुढाऱ्यांना वाटाघाटीला म्हणून बोलावलं आणि एका बुटक्या दारातून वाकून आत येताना एकेकाचं मुंडकं उडवलं, असं इथे सांगतात. ते दार दाखवतात. मामेभाऊ सहा फुटी, वाकून गेला, आणि बाहेर येऊन गप्प. किल्ला शेवटचा लढाईत वापरला गेला तो 1885च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धात.

खाली उतरून गावाकडच्या खडकांत फिरलो. प्रत्येक सुळक्याला नाव आहे, मॅडोना, घोडेस्वार, भिक्षू, अस्वल, शाळकरी मुलगी, आदम आणि हव्वा. मॅडोनाची गोष्ट अशी की एका मठातली तरुण जोगीण प्रेमात पडली, मूल झालं, बाकीच्यांनी तिला मठातून हाकललं, तेवढ्यात आभाळ फाटलं आणि सगळे जागच्या जागी दगड झाले, ती पोराला घेऊन, हाकलणारे भिक्षू, आणि तिच्याकडे येणारा घोडेस्वारसुद्धा. म्हणजे शिक्षा दोन्ही पार्ट्यांना सारखीच, हा कुठला न्याय? घोडेस्वार मला लगेच दिसला, मॅडोनाही, अस्वलासाठी मात्र बराच वेळ वाद झाला, शेवटी एका बल्गेरियन बाईंनी आम्हाला दोघांनाही चूक ठरवून तिसराच खडक दाखवला.

गावात अठराव्या शतकातली एक जुनी मशीद आहे, ती बंद होती, बाहेरूनच बघितली. म्युझियमही बघायचं राहिलं. रात्री किल्ल्याजवळच्या वेधशाळेचा विचार होता, 60 सेंटिमीटरची दुर्बीण आहे तिथे, 1960च्या दशकापासून काम चालतं, पण आधी ठरवून जावं लागतं आणि तसंही ढग आले होते.

रविवार

परवाच्याच टॅक्सीवाल्या काकांना अर्ध्या दिवसासाठी ठरवलं, कारण बेलोग्राडचिक तालुक्यात (तालुकाच म्हणू, त्यांचा ओब्श्टिना साधारण तसाच) गाडीशिवाय काही जमत नाही. गावाची वस्ती पाच हजारांच्या आत, भोवती दीड डझनाच्या आसपास खेडी, आणि रविवारच्या बसेसबद्दल काकांना विचारलं तर ते नुसते हसले. काका स्वतः बरीच वर्षं इटलीत बांधकामावर होते, पाठ धरली म्हणून परत आले. मुलगा स्पेनमध्ये, सून स्पेनमध्ये, नातू बल्गेरियन बोलतो पण वाचता येत नाही. हे सगळं ते आमच्या मामेभावाला सांगत होते आणि तो मागे वळून मला मराठीत, दोन मिनिटांचं बोलणं तीन शब्दांत.

मागुरा गुहा वीस-पंचवीस किलोमीटरवर, राबिशा गावाजवळ. लांबी सुमारे अडीच किलोमीटर, आत बारा महिने साधारण 12 अंश, तेव्हा जॅकेट न्याच, बाहेर टीशर्टमध्ये फिरणारी मंडळी आत गेल्यावर पाचव्या मिनिटाला हात चोळायला लागली. दालनं इतकी मोठी आहेत की नाताळच्या सुमाराला आत संगीताचे कार्यक्रम होतात. एक आडवा पडलेला प्रचंड लवणस्तंभ आहे, अकरा मीटरच्या वर, त्याला पडलेलं पाइन म्हणतात आणि खरंच खोडासारखा दिसतो, सालीसकट.

पण मागुराला यायचं ते चित्रांसाठी. सातशेच्या वर चित्रं आहेत, वेगवेगळ्या काळातली, नवाश्मयुगापासून कांस्ययुगाच्या सुरुवातीपर्यंत, आणि काढलीत कशाने, तर वटवाघळांच्या विष्ठेने. गडद तपकिरी, जवळजवळ काळी. चित्रांचा भाग एरवीच्या फेरीत नाही, त्याला वेगळी परवानगी आणि वेगळं तिकीट, संख्येवर मर्यादा, श्वासातल्या ओलाव्याने चित्रं खराब होतात म्हणून. आमचा नंबर लागला. गाईडने टॉर्च खाली धरून हळूहळू वर नेला आणि भिंतीवर बायका दिसायला लागल्या, डोक्यावर हात जोडून गोल केलेले, कंबरेखाली घंटेसारखा घोळ, रांगेत नाचणाऱ्या. त्यांच्या मध्ये पुरुष, शिकारी, धनुष्य, कुत्र्यासारखं काहीतरी, शिंगंवाले प्राणी, चौकटी-चौकटींची नक्षी. एका ठिकाणी सूर्य आणि खुणांची रांग, ती दिनदर्शिका असावी असं मानतात. मला सगळ्यात आवडली ती एका बाईची रेष, कोपरापर्यंत एका दमात आलेली आणि तिथे बोट परत बुडवून पुढे नेलेली, जोड स्पष्ट दिसतो. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी कोणाचं तरी बोट इथे थांबलं होतं! ही गुहा आणि ते लाल कातळ दोन्ही 1984पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत पडून आहेत. संभाव्यच.

गुहेच्या एका भागात वाइनरीची स्पार्कलिंग वाइन मुरत ठेवतात, कायम सारखं तापमान फुकटात मिळतं ना. बाहेर टेस्टिंग आहे. मी घेतली, मामेभावानेही घेतली, काकांनी गाडी चालवायची म्हणून नुसता वास घेतला आणि त्यांचा चेहरा बघवेना. इकडे गाम्झा नावाची लाल द्राक्षं होतात, त्यांची वाइन हलकी, मला स्पार्कलिंगपेक्षा तीच आवडली.

समोरच राबिशा तळं, भूगर्भातल्या हालचालीने झालेलं, देशाच्या आतल्या भागातलं या प्रकारचं सगळ्यात मोठं. काठावर चार-पाच गळ टाकून बसलेले लोक, पाणी शांत, बाकी काही करण्यासारखं नाही, अर्धा तास बसलो.

परतताना मी काकांना म्हटलं, एखाद्या खेड्यात न्या ना, बघण्यासारखं नसलं तरी चालेल. ते म्हणाले बघण्यासारखं तर काहीच नाही, आणि नेलं. गावाचं नाव लिहीत नाही. दगडी पायाची, मातीच्या विटांची घरं, लाकडी गॅलऱ्या, द्राक्षांचे मांडव, आणि निम्म्या घरांची छपरं आत कोसळलेली, मांडवावरची द्राक्षं मात्र पिकून लोंबतायत, खायला कोणी नाही. शाळेची इमारत भक्कम, दुमजली, दाराला साखळी. चौकातल्या दुकानात ब्रेड, बिअर, साबण, मेणबत्त्या.

आणि दारांवर कागद. बल्गेरियात माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव छापलेला एक कागद घराच्या दाराला, विजेच्या खांबाला, बसस्टॉपला चिकटवतात, नेक्रोलॉग. गेल्यावर एकदाच नाही, चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दहा-पंधरा वर्षांनीही पुन्हा. शहरात त्याचं काही वाटत नाही. इथे एका दारावर पाच कागद होते, काही नवे, काही पावसाने फोटो पुसून गेलेले, दोघा नवरा-बायकोचे शेजारी-शेजारी, आणि दाराला कुलूप. म्हणजे कोणीतरी शहरातून, किंवा स्पेनमधून, वर्षाकाठी येऊन कागद लावून जात असणार. बल्गेरियाची लोकसंख्या 1980च्या दशकाच्या शेवटी नव्वद लाखांच्या जवळ होती, 2021च्या जनगणनेत पासष्ट लाखांवर आली, हे आकडे सोफियातल्या कॅफेत बसून वाचले तर नुसते आकडे असतात.

एका आजोबांनी आम्हाला हाक मारली, बसवलं, प्लास्टिकच्या बाटलीतली घरची राकिया (फळांची दारू) समोर ठेवली, नको म्हटल्यावर द्राक्षांचा घड आणून दिला. गावात हिवाळ्याला किती जण असतात विचारलं तर बोटांवर नावं मोजायला लागले, दोन्ही हात संपले, मग थोडा वेळ थांबले, मग अजून दोन नावं आठवली.

सोमवार

सुट्टीचा दिवस, चौकात पांढरा-हिरवा-लाल झेंडा, थोडी भाषणं, लोकनृत्याच्या वेशातल्या मुली आणि शेवटी सगळ्यांनी हात धरून होरो नाचायला सुरुवात केली. आजींनी मलाही ओढलं. पावलं सोपी वाटतात, पण ताल सरळ नाही, सात मात्रांचा, दोन-दोन-तीन असा काहीतरी, मी "रूपक!" म्हणून मनात मोजायला घेतलं तर तीन शेवटी येत होते आणि रूपकात ते सुरुवातीला येतात, त्यामुळे दोन फेऱ्यांत बाजूला झाले. मामेभाऊ मात्र व्यवस्थित नाचला, सोफियात शिकतोय म्हणे, हे घरी कोणाला माहीत नाही, आता झालं.

चिप्रोव्त्सीला जायचं राहिलं, गालिचे विणणारं गाव, त्यांच्या विणकामाला 2014 साली युनेस्कोची मान्यता मिळालीय, पण ते पलीकडच्या मोंताना प्रांतात आणि आडवाटेने, स्वतःची गाडी असेल तर इथूनच जोडून करा. ओरेशेत्सजवळची व्हेनेत्सा गुहाही लोक चांगली म्हणतात. डे ट्रिपवाल्यांसाठी एवढंच सांगते की किल्ल्यावर सकाळी नऊला किंवा मग संध्याकाळी जा, दुपारी ऊन डोक्यावर असलं की खडकांचा लाल रंग मेल्यासारखा दिसतो, तो खरा पेटतो संध्याकाळच्या तासाभरात, आणि तेव्हा सोफियाच्या बसेस निघून गेलेल्या असतात. मागुराची चित्रं बघायची असतील तर आधी फोन करून विचारा, आणि रोख पैसे ठेवा, खेड्यातल्या दुकानात कार्ड चालत नाही.

निघताना आजींनी भाजलेल्या मिरच्यांची एक बरणी दिली. मी फक्त हँडबॅग घेऊन विमानाने जाणार, बरणीत तेल, चालणार नाही. मामेभावाने ती लगेच स्वतःच्या बॅगेत टाकली आणि व्रात्सा यायच्या आत, विकत घेतलेल्या ब्रेडबरोबर, आम्ही अर्धी संपवली.